पुढचा डावा कोपरा

४ फेब्रुवारी

ताई,

फोनवर तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू देत नाही, आणि मग मीही तोंडाला येईल ते बोलते. शिवाय घरात दोनच खोल्या. मी तुमच्याशी कशी भांडते ते तुमच्या भावाला भिंतीपलीकडून सगळं ऐकू जातं. म्हणून लिहितेय. खुशालीची पत्रं आपण एकमेकींना कधी लिहिली नाहीत, हेही तसलं नाही. काम आहे.

त्याचं लाकूड कोरायचं संगणकी मशीन माझ्याशी दावा मांडून बसलंय. त्याला झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हापासून लाकडी पाट्या मीच कापते. हौस म्हणून नाही, घर त्यावरच चालतं म्हणून. सकाळी मशीन चालू केलं की ते आधी मागच्या उजव्या कोपऱ्यात जातं, तिथल्या स्विचला टेकतं आणि ‘मी घरी पोचलो’ असं मानतं. त्याला होमिंग म्हणतात एवढं मला कळतं. लाकडाच्या बरोबर मध्यावर मी सुरुवातीची खूण एकदाच देऊन ठेवते, म्हणजे वर्क झीरो. तिथून मोजून ते अक्षरं कोरतं. दुपारपर्यंत ठीक चालतं. दुसऱ्या दिवशी तेच लाकूड, तीच फाईल, आणि अक्षरं भलतीकडेच.

काल एका दवाखान्याच्या दारावरची ‘डॉक्टर आत आहेत’ ही पाटी कापत होते. ‘डॉक्टर’ लाकडाच्या बाहेर गेले आणि नुसतं ‘आत आहेत’ उरलं. तुम्हाला हसू येईल. मला आलं नाही. चांगलं सागवान होतं.

तुम्ही कारखान्यात असली मशिनं चालवणाऱ्या पन्नास माणसांना शिकवता. हे मशीन उभं करताना तुम्ही त्याच्याबरोबर इथे राहिला होतात. तेव्हा काय बघायचं ते लिहा. बाकीचं काही लिहू नका.

— तुमची भावजय


७ फेब्रुवारी

वहिनीबाई,

बाकीचं लिहू नका म्हणून मला बजावणारी तू कोण? तो माझा भाऊ आहे. आई गेली तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता. त्याला मी वाढवलं. तू नंतर आलीस.

आधी कामाचं. ‘भलतीकडे’ हे काही माप नाही. होमिंग चुकतंय की वर्क झीरो, हे दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. होमिंग चुकत असेल तर मशीनला आपलं घरच नीट सापडत नाही, आणि मग त्यावरून मोजलेलं सगळंच सरकतं. होमिंग बरोबर असेल आणि तरीही काम सरकत असेल, तर तू दिलेली खूणच बदलली गेली.

तेव्हा हे कर. कापणारं बिट काढ, आणि राउटरच्या बाजूला टोकदार पेन्सिल घट्ट बांध. टेबलावर कागद चिकटव. होमिंग कर, मशीनला एका ठरावीक जागी पाठव, ठिपका काढ. पुन्हा होमिंग, पुन्हा तीच जागा, पुन्हा ठिपका. पाच-सहा वेळा. एकदा राउटर, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून. ठिपक्यावर ठिपका बसतो का ते सांग. अंदाजे सांगू नकोस, पट्टी लावून सांग.

आता बाकीचं. इथे माझ्या घराजवळच्या संस्थेत त्याच्यासाठी एक खाट मिळतेय. चोवीस तास माणसं, व्यायाम करून घेणारा रोज येतो. मार्चअखेरपर्यंत ते खाट धरून ठेवणार आहेत. तू भुशात, आवाजात त्याला दिवसभर बसवून ठेवतेस, त्याच्याच मशीनवर पाट्या कापतेस, आणि तो टुकूटुकू बघत असतो. मला ते बघवलं नाही. तूच सांग, त्याच्या जागी तू असतीस तर?

— बारक्याची बहीण


११ फेब्रुवारी

ताई,

पट्टी लावून सांगते. राउटर बंद असताना ठिपके जवळजवळ एकावर एक. राउटर चालू असताना पाचातले तीन ठिपके फरार. एक तीन मिलिमीटर उजवीकडे, एक डावीकडे, आणि एकदा तर मशीन अर्ध्या वाटेतच थांबलं आणि घरी पोचल्याचं सांगू लागलं.

आणि तुम्हाला बघवलं नाही, ते खरंच आहे. तुम्ही दोन दिवस आलात. त्याच्या खुर्चीच्या एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला मी, आणि मधे त्याच्या डोक्यावरून तुम्ही मला म्हणालात, “आता याला काही कळत नाही गं, उगाच कशाला ओढतेस?” तो बघत होता तुमच्याकडे. नंतर रात्री त्याने जेवण तोंडात घेतलं नाही. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण तुम्ही गाडीत बसून डोळे पुसत होतात. आता सांगते.

डॉक्टर म्हणतात, समज किती उरलीय ते सांगता येत नाही. ‘हो’ला मान हलवतो, ‘नाही’लाही तीच हलवतो. मीही काही देवाची साक्ष काढत नाही. पण सांगता येत नाही याचा अर्थ नाहीच, हे तुमच्या कुठल्या पुस्तकात आहे?

संस्थेचं नाव पुन्हा काढू नका. पुढे काय करायचं ते लिहा.

— तुमची भावजय


१३ फेब्रुवारी

वहिनीबाई,

राउटर चालू असतानाच ठिपके हलतात, म्हणजे दोष उघड आहे. राउटरची वीज स्विचच्या तारेत शिरते. स्विचला काही टेकलेलं नसताना मशीनला वाटतं टेकलं. राउटरची जाड वायर आणि स्विचची बारीक वायर एकत्र बांधलेली आहे का बघ. असणारच.

बारक्या हे असं कधी बांधणार नाही. त्या दोन वायरींमध्ये वीतभर अंतर ठेवायचं, यावरून मी आणि तो तिथल्या टेबलाशी बसून तास तास बोललोय. कुणीतरी नंतर नीटनेटकेपणा दाखवायला गेलंय. वेगळ्या कर. आणि स्विच ज्या पट्टीवर बसवलाय ती हाताने हलवून बघ. बहुतेक तिचे स्क्रूही ढिले झाले असतील. काम सुरू व्हायच्या आधी होमिंग करायचं, राउटर चालू ठेवून कधीच नाही. ही गोष्ट माझ्याकडे नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगते.

त्याने जेवण सोडलं, त्याला मी जबाबदार? तू नेहमी अशीच. आपल्या अंगावर आलं की दुसऱ्याच्या पदरात टाकायचं. पंधरा वर्षं बघतेय.

— बारक्याची बहीण


२० फेब्रुवारी

ताई,

वायरी मीच बांधल्या होत्या. लपवायचं काही कारण नाही. त्या खाली लोंबत होत्या आणि त्याच्या खुर्चीचं चाक त्यांत अडकलं. खुर्ची कलंडली, तो टेबलाच्या कडेवर आपटायचा राहिला. त्या दिवशी जे हाताला लागलं त्याने मी सगळ्या वायरी एकत्र करकचून बांधून वर टांगल्या. तेव्हा वीतभर अंतर सुचलं नाही. नीटनेटकेपणा म्हणे!

राउटरचं मोठं बटणही त्याच दिवशी काढून भिंतीवर उंच लावलं, त्याचा चुकून हात लागू नये म्हणून. हेही चुकलं असेल तर सांगून टाका, एकदमच ऐकून घेते.

आता वायरी वेगळ्या केल्या. पट्टीचे स्क्रू खरंच ढिले होते, ते आवळले. ठिपके काढले. दहाच्या दहा एकाच भोकात, राउटर चालू असो की बंद. होमिंग सुधारलं, ते तुमच्यामुळे. घ्या.

पण फार खूश होऊ नका. खूण अजून सरकतेच. सकाळी बसवलेला झीरो दुसऱ्या दिवशी सापडत नाही. दवाखान्याची आणखी एक पाटी गेली. म्हणजे तुमचं निदान अर्धंच.

— तुमची भावजय


२२ फेब्रुवारी

वहिनीबाई,

होमिंग ठीक आहे आणि खूण सरकतेय, तर मशीन निर्दोष आहे. बटण दाबणारा हात दोषी. मशीन आपणहून कधी झीरो बदलत नाही. त्याला त्याची हौस नाही.

तू रिमोट हातात घेतेस, एका बटणाऐवजी दुसरं दाबतेस आणि मला सांगतेस की सरकलं. पडद्यावर जी-५४ असं लिहिलेलं एक पान आहे. मशीनच्या घरापासून तुझी खूण किती लांब आहे, ते आकडे तिथे राहतात. काम संपलं की ते बघ, दुसऱ्या दिवशी सुरू करताना बघ, आणि मला दोन्ही पाठव. तुझं स्वतःचं मत पाठवू नकोस.

आणि ऐकून ठेव. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी गाडी करून येतेय. संस्थेचा माणूस बरोबर असेल. तुझा होकार असेल तर चांगलंच. नसेल तर चार माणसं बसवून बोलू. चाक अडकतं, खुर्ची कलंडते, आणि हे मला आता कळतं!

— बारक्याची बहीण


१ मार्च

ताई,

चार माणसं काय, चाळीस आणा. दार मी उघडणार आहे की नाही ते आधी बघा.

आकडे. मी ठेवते तो झीरो टेबलाच्या मधोमध असतो: आडवा उणे तीनशे, उभा उणे दोनशे. दुसऱ्या दिवशी सापडतो तो: आडवा उणे पाचशे बासष्ट पूर्णांक पाच, उभा उणे तीनशे एकाहत्तर. मी मुद्दाम पुन्हा पुन्हा बघितलं. दर वेळी हेच आकडे, फार तर केसभर इकडेतिकडे. माझं बोट चुकत असेल तर ते रोज इतकं अचूक कसं चुकतं, ते तुमच्या कारखान्यात विचारा.

आणि चोर मला सापडलाय. मी दुपारी पाट्या पोचवायला जाते तेव्हा मदतीच्या मावशी त्याच्याजवळ असतात. परत येते तर मशीनच्या पुढच्या बाजूला कागदाचे फाटके कपटे पडलेले. रोज. मी विचारलं, मावशी, मशीनला हात लावता का? तर म्हणाल्या, “मी कशाला लावू? साहेबच करतात. मी फक्त खटका पाडून देते.” ऐका! जो बोलू शकत नाही त्याच्यावर ढकलून मोकळी. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, उद्यापासून येऊ नका. त्याही तडक पिशवी उचलून गेल्या. जाताना त्याच्या गालावरून हात फिरवला, आणि माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

तेव्हा हे प्रकरण मिटलं. आता तुमच्या सल्ल्याची गरज नाही. येऊ नका.

— तुमची भावजय


३ मार्च

वहिनी,

तुझं पत्र मी कारखान्यात वाचलं आणि घरी येऊन जुनं ड्रॉइंग काढलं.

ते टेबल मी आखून दिलं होतं. त्याच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात बारक्याने एक लोखंडी काटकोन कायमचा बसवून घेतला आहे. लाकूड त्याला टेकवायचं आणि तिथूनच झीरो घ्यायचा, ही त्याची पद्धत. मी सांगत होते की मधून घे, सोपं जातं. तो ऐकायचा नाही. त्या काटकोनाची आतली कड ड्रॉइंगमध्ये मी लिहिली आहे. आडवी पाचशे बासष्ट पूर्णांक पाच. उभी तीनशे एकाहत्तर.

मशीन बिघडलं तर कुठेही जाईल. रोज त्याच कोपऱ्यात जाणार नाही. त्या कोपऱ्यात नेम धरून कुणीतरी नेतंय. आणि ते कपटे. बिट लाकडाला टेकलं की नाही हे बघायला तो खाली कागद सरकवतो, कागद अडकला की झीरो. हे मीच त्याला शिकवलं, तो शाळेत होता तेव्हा, माझ्या पहिल्या नोकरीच्या ठिकाणी. मावशींना हे कुठून येणार?

त्या बाईंनी तुला सरळ शब्दांत सांगितलं. तू ऐकलं नाहीस. दिवसरात्र त्याच्याबरोबर असतेस, डॉक्टरांचं ऐकतेस, माझ्याशी भांडतेस, आणि समोर घडतंय ते तुला दिसलं नाही.

त्याला काही विचारू नकोस. विचारलंस तर तो मान हलवेल आणि तू पुन्हा काहीतरी अर्थ काढशील. बाहेर गेल्यासारखं कर आणि बघ. बघितल्या बघितल्या लिही. फोन केलास तरी चालेल.

— ताई


६ मार्च

ताई,

फोन केला नाही. रडू फुटलं असतं, आणि तुमच्यासमोर ते फुटू नये असं मला वाटलं.

काल दुपारी नेहमीसारखी पिशवी घेतली, दार ओढलं, आणि मागून स्वयंपाकघरात शिरले. पडद्याच्या फटीतून बघत उभी राहिले.

बराच वेळ तो नुसता बसून होता. दाराकडे कान लावून. मग डाव्या पायाने रेटत रेटत खुर्ची मशीनपाशी नेली. मावशी नसल्याने खटका त्यालाच पाडावा लागला. त्याने फरशी पुसण्याची काठी डाव्या हातात धरली आणि तिच्या टोकाने तीनदा चुकून चौथ्यांदा पाडला. मशीन घरी जाऊन आलं. मग रिमोट मांडीवर ठेवून अंगठ्याने एकेक बटण. मशीन पुढच्या डाव्या कोपऱ्यात आलं. खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढला, एक टोक दातांत धरून फाडला, आणि बिटच्या खाली सरकवला. मागे-पुढे, मागे-पुढे. बिट केसाकेसाने खाली आणत होता. कागद अडकला तसा तो थांबला. झीरोचं बटण दाबलं.

आणि मग मान वर करून भिंतीवरच्या राउटरच्या बटणाकडे बघत बसला. जे मी उंच लावलंय. काठीही तिथवर पोचत नाही. थोड्या वेळाने त्याने सगळं बंद केलं, काठी जागेवर ठेवली आणि खुर्ची मूळ जागी नेली. फक्त कपटा राहिला. तो त्याला वाकून उचलता येत नाही.

तुम्हाला वाटेल मी धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडले. नाही. मी बाहेर आले आणि ओरडले. “माझ्या सात पाट्या गेल्या! तुला कळत होतं, आणि तू मला बघत राहिलास?” त्याने माझ्याकडे असं बघितलं ना ताई, तसं तो लग्नानंतर पहिल्या वर्षी बघायचा, मी त्याची हत्यारं भलत्या खणात ठेवली की. मग मला रडू आलं. तोही रडला. पण तो जास्त चिडला होता.

आज मावशींकडे गेले. माफी मागितली. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं, आणि म्हणाल्या, “दुसरीकडे काम धरलं. साहेबांना विचारलं म्हणून सांगा.” मी पुष्कळ विनवलं. नाही म्हणाल्या. बरोबर केलं त्यांनी.

आता मला सांगा, एकाच मशीनवर दोघांनी कसं काम करायचं? तो कोपरा सोडणार नाही, आणि माझ्या सगळ्या फाईली मधून आहेत.

— तुमची भावजय


८ मार्च

वहिनी,

मशीनमध्ये एक नाही, सहा झीरो ठेवता येतात. जी-५४ तुझा. त्याला जी-५५ दे. एकाने आपला बदलला तरी दुसऱ्याचा जागचा हलत नाही. रिमोटवर एक मोकळं बटण आहे, त्याला जी-५५ लावायची पद्धत सोबत लिहिली आहे. त्याच्या फाईलच्या पहिल्या ओळीत ५४ असेल तिथे ५५ करायला विसरू नकोस. नाहीतर मशीन तुझ्या झीरोवर जाईल आणि तो तुला खाऊन टाकेल.

राउटरचं बटण खाली आण, डाव्या हाताला. पण त्याच्याही आधी लाल बटण, सगळं एकदम थांबवणारं, त्याच्या डाव्या गुडघ्यापाशी लाव. ते त्याला तीन वेळा दाबायला लाव. दाबता आलं तरच राउटर. डोळ्यांवर चष्मा. पहिल्यांदा मऊ लाकूड, उथळ काप, वेग निम्मा. तू खोलीत थांब, पण त्याच्या हातातून काही घेऊ नकोस. तुला ते जमणार नाही, तरी सांगून ठेवते.

खाट मी अजून सोडलेली नाही. कागद अडकला म्हणजे माणूस बरा झाला असं होत नाही. त्याला आंघोळ कोण घालणार, रात्री कुशीवर कोण वळवणार? मावशींना तू घालवलंस. हे प्रश्न मी विचारणारच, तुला कितीही झोंबले तरी.

पायाने खुर्ची रेटतो हे तू आधी कधी लिहिलं नाहीस.

— ताई


१७ मार्च

ताई,

तुम्ही विचारलंत त्याचं आधी. सकाळी आंघोळीला एक मुलगा मिळालाय, दवाखान्यातच काम करतो, दणकट आहे. रात्रीचं मी करते. कंबर दुखते. दुखू दे.

लाल बटण लावलं. दाब म्हटलं, तर एकदा दाबलं. पुन्हा दाब म्हटलं, तर माझ्याकडे बघितलंच नाही. तिसऱ्यांदा म्हटल्यावर इतक्या जोरात दाबलं की खालची पट्टी वाकली. तुमच्या नावाने दाबलं असेल.

जी-५५ त्याला मी दाखवलं. पडद्यावरचे आकडे त्याला वाचता येतात की नाही, मला अजून माहीत नाही. पण बटण दाबल्यावर माझा झीरो तसाच राहतो हे त्याने स्वतः तपासलं. मशीन माझ्या मध्यावर नेलं, परत आपल्या कोपऱ्यात आणलं, परत माझ्या मध्यावर. माझ्यावर विश्वास नाही, हे तुमचं घराणंच.

काल त्याने पहिल्यांदा कापलं. जुनी फाईल, साधा चौकोनी खळगा, कशासाठी तो कुणास ठाऊक. मी मऊ लाकूड दिलं. त्याने ते डाव्या हाताने ढकलून खाली पाडलं आणि सागवानाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, ताईंनी सांगितलंय मऊ. ते ऐकून तर आणखीच. शेवटी सागवान दिलं. वेग मी निम्मा ठेवला होता. पहिले दोन फेरे छान झाले, भुसा उडत होता, त्याचं तोंड उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. आणि मला राहवलं नाही. वाटलं, सगळं ठीक चाललंय, जरा पुढे व्हावं, म्हणून वेगाचं बटण मीच थोडं वाढवलं.

कडकन बिट तुटलं. तुकडा भिंतीवर जाऊन आपटला. माझा हात बटणाकडे जायच्या आत सगळं थांबलेलं होतं. त्याने लाल बटण दाबलं होतं.

आणि तो बोलला. स्पष्ट. एकच शब्द, पण असा खणखणीत की आंघोळीवाला मुलगा बाहेर सायकल लावत होता तो आत आला. झटका आल्यापासून त्याच्या तोंडातून आलेला पहिला शब्द, आणि ती शिवी होती. मला होती. मी वेग वाढवला म्हणून.

नंतर त्याने तो शब्द पुन्हा म्हणायचा खूप प्रयत्न केला. ओठ हलत होते. आला नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, असं होतं, शिव्या आधी परत येतात. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे पाठवतो म्हणाले.

खाटेचं तुम्ही ठरवा. मी माझं ठरवलेलं आहे.

— तुमची भावजय


१९ मार्च

वहिनी,

वेग निम्मा ठेव म्हणून मी लिहिलं होतं. सागवानात, तेही पहिल्याच दिवशी! तुझ्या हाताला स्वस्थ बसायची सवयच नाही. त्याचा डोळा गेला असता म्हणजे?

खाट आज सोडली. संस्थेच्या माणसाला सांगितलं, दुसऱ्या कुणाला द्या. तो म्हणाला, परत मागाल तर मिळणार नाही. म्हटलं, बघू.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंना वेळ घालवू नका म्हणावं, लगेच सुरू करा.

शिवी काय दिली ते तू लिहिलं नाहीस. सगळं पानभर लिहिलंस, भुसा उडाला, चष्मा घसरला, आणि नेमका तेवढा शब्द खाल्लास. शब्द लिही.

— ताई


२१ मार्च

ताई,

शब्द लिहिण्यासारखा नाही. तुम्ही वाढवलेला मुलगा आहे, तुम्हाला माहीत असणार तो काय म्हणतो ते.

ऐकायचाच असेल तर या. संस्थेचा माणूस नको, चार माणसं नकोत. एकट्या या. एक बोथट झालेलं बिट मी तोडायला बाजूला काढून ठेवलंय, आणि या वेळी वेग तुम्ही वाढवायचा.

— तुमची भावजय